एक पान, एक प्रश्न

वेबसाइट काढायची म्हटली की आपल्याकडे आधी रंग ठरतो, मग लोगो, मग पहिल्या पानावर कोणाचे छायाचित्र लावायचे ते. मेनूत ‘आमच्याविषयी’, ‘सेवा’, ‘छायाचित्रे’, ‘संपर्क’ ही ठरलेली दालने येतात. कोणत्या पानावर कोणाला कशाचे उत्तर मिळणार, हा विषय सगळ्यात शेवटी निघतो, आणि तोही बहुधा असा : ‘‘साइट तयार आहे, आता जरा कीवर्ड टाकून द्या.’’ हा क्रम उलटा आहे आणि वाचकावर अन्याय करणारा आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणते पान कोणत्या शोधशब्दांसाठी लिहायचे हे ठरवणे वेबसाइटच्या बांधणीतले पहिले काम असायला हवे. ते संपादकाचे काम आहे, साइट उभी राहिल्यावर तंत्रज्ञाच्या गळ्यात मारायचे नाही. मराठीतल्या संस्थांनी ते मनावर घेतले नाही, तर कष्टाने लिहिलेली चांगली माहिती असून नसल्यासारखी पडून राहील.

धंद्यात या कामाला ‘कीवर्ड मॅपिंग’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कृती साधी आहे. एक एक्सेल शीट उघडायची आणि प्रत्येक ओळ एका पानाला द्यायची. पहिल्या रकान्यात पानाचा पत्ता. दुसऱ्यात ते पान ज्या एका प्रश्नाचे उत्तर देणार तो प्रश्न. तिसऱ्यात तोच प्रश्न लोक ज्या ज्या शब्दांत विचारतात ते सगळे शब्द. चौथ्यात विचारणारा कोण आहे आणि कोणत्या अडचणीत आहे. शेवटच्यात, उत्तर मिळाल्यावर त्याने पुढे काय करायचे. नियम दोनच : एका प्रश्नाला दोन पाने नकोत, आणि ज्याला स्वतःचा प्रश्न नाही असे पान नको. या दोन नियमांचा आग्रह धरला की अर्ध्याअधिक वेबसाइटींची निम्मी पाने गळून पडतात, आणि जी खरोखर हवीत ती अजून लिहिलेलीच नाहीत हे ध्यानात येते.

हे काम बदनाम आहे, आणि त्याला कारणही आहे. १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झाले त्या काळातली शोधयंत्रे पानावर शब्द कोठे आणि किती वेळा आला यावर बरीच भिस्त ठेवत. पानाच्या संकेतात ‘मेटा कीवर्ड’ नावाची एक जागा असे. वाचकाला ती दिसत नसे, यंत्राला दिसे. तिच्यात वाटेल ते शब्द कोंबले जात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा लपवण्याचेही प्रकार चालत. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल स्थापन केले, आणि इतर पाने कोणत्या पानाकडे बोट दाखवतात याला महत्त्व आले. क्रम लावताना मेटा कीवर्ड आम्ही विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरीही कीवर्ड म्हणजे मजकुरात पेरायचे शब्द, ही समजूत अजून गेलेली नाही. ‘हा शब्द लेखात दहा वेळा आला पाहिजे’ अशी फर्माने आजही लेखकांना मिळतात, आणि त्यातून निघालेला मजकूर वाचवत नाही. या प्रकाराचा राग येणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. पण पेरणी वेगळी आणि नियोजन वेगळे. पेरणीत शब्द आधी ठरतो आणि वाचकाला त्याच्याभोवती फिरवले जाते. नियोजनात वाचक आधी ठरतो आणि त्याच्या तोंडचा शब्द शोधला जातो.

हा फरक समजायला आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये केलेली मांडणी अजूनही उपयोगी पडते. शोधणारा माणूस तीनपैकी एका हेतूने येतो, असे त्यांनी दाखवले. एकाला ठरावीक ठिकाणी पोहोचायचे असते, दुसऱ्याला काही समजून घ्यायचे असते आणि तिसऱ्याला काही काम उरकायचे असते. शब्द तोच असला तरी हेतू बदलला की उत्तर बदलते. म्हणून शीटमध्ये शब्दांची यादी पुरत नाही. शब्दामागचा माणूस लिहावा लागतो.

उदाहरण घेऊ या महाराष्ट्रात घरोघरी लागणाऱ्या सातबाऱ्याचे. समजा, तालुक्याच्या गावी शेतजमिनीच्या नोंदींबाबत लोकांना मार्गदर्शन करणारी एक छोटी संस्था आहे आणि तिला वेबसाइट काढायची आहे. पहिला मोह होईल तो ‘सातबारा’ हाच शब्द धरण्याचा, कारण सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द तोच असणार. पण नुसते ‘सातबारा’ असे टाकणाऱ्या बहुतेकांना शासनाच्या महाभूलेखवर जाऊन गट नंबर टाकायचा असतो आणि उतारा पाहायचा असतो. ब्रोडर यांच्या भाषेत तो ठिकाणी पोहोचू पाहणारा माणूस आहे. त्याला वाटेत अडवून तीन हजार शब्दांचा लेख वाचायला लावणे त्याच्या कामाचे नाही आणि संस्थेच्याही नाही. त्या शब्दाला आपले पान द्यायचे नाही, असा निर्णय शीटमध्ये लिहून ठेवायचा. काय लिहायचे नाही हे ठरवता येणे, हा या नियोजनाचा मोठा लाभ आहे.

आता उरलेले लोक पाहा. एक जण जमीन विकत घेणार आहे आणि उताऱ्यावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावे, कोणाचे कोणते हक्क. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात कोणते पीक. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचे कर्ज दिसते आहे का, कुळाचे नाव आहे का, फेरफार क्रमांक काय सांगतात, हे त्याला एकेक ओळ दाखवत समजावून हवे आहे. त्याचा प्रश्न ‘सातबारा कसा वाचायचा’. दुसरीच्या घरी वडील गेले आहेत. तिला मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, अर्ज कोणाकडे द्यायचा, नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस का थांबावे लागते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात म्हणजे काय, हे कळायला हवे. तिचा प्रश्न ‘वारस नोंद कशी करायची’. तिसऱ्याने पीककर्ज फेडले, तरी उताऱ्यावर बँकेचे नाव तसेच आहे. तो ‘बोजा कमी करणे’ असे टाकतो. चौथ्याच्या आडनावात संगणकीकरणाच्या वेळी चूक झाली आहे. त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधल्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनदोष दुरुस्तीचा अर्ज करायचा आहे.

चौघांच्याही तोंडी सातबारा आहे, पण चौघांची अडचण वेगळी, कागद वेगळे, पुढचे पाऊलही वेगळे. आपल्याकडे यावर जो तोडगा निघतो तो ‘सातबारा : संपूर्ण माहिती’ अशा मथळ्याचा एक लांबलचक लेख. सुरुवातीला उताऱ्याचा इतिहास, मग व्याख्या, मग फायदे, आणि वारसाचा मुद्दा कुठेतरी अकराव्या परिच्छेदात. लिहिणाऱ्याला वाटते, सगळे दिले. पण ज्या घरात माणूस गेला आहे तिथल्या मुलीने मोबाइलवर बोट सरकवत त्या परिच्छेदापर्यंत जायचे, ही अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिला तिचे स्वतंत्र पान मिळाले पाहिजे, पानाच्या मथळ्यात तिचा प्रश्न दिसला पाहिजे, आणि पहिल्या दोन-चार ओळींत उत्तराचा गाभा आला पाहिजे.

इथेच सरकारी भाषा आणि लोकांची भाषा यांचा प्रश्न येतो. कायदा ‘अधिकार अभिलेख’ म्हणतो, लोक ‘सातबारा’ म्हणतात. कार्यालयात ‘फेरफार नोंद’ होते, घरात ‘नाव लावायचे’ असते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात माणूस तलाठ्याकडेच जातो. मथळा कोणत्या भाषेत द्यायचा? मी म्हणेन, लोकांच्या. आणि पानाच्या आत सरकारी शब्द नीट समजावून द्यायचा, कारण अर्ज भरताना तोच शब्द लागणार आहे. माणूस ज्या शब्दाने आत आला त्यापेक्षा एक नेमका शब्द अधिक घेऊन बाहेर पडला, तर त्या पानाने आपले काम केले.

उलट बाजूचा दोषही तितकाच घातक आहे. चार वेगळे प्रश्न एका पानात कोंबणे जसे चूक, तसेच एकच प्रश्न चार पानांवर सांडणे चूक. ‘वारस नोंद प्रक्रिया’, ‘वारस नोंदीसाठी कागदपत्रे’, ‘वारसाचे नाव सातबाऱ्यावर कसे लावावे’ आणि पुन्हा पुढच्या वर्षी ‘वारस नोंदीची नवी पद्धत’ अशी चार पाने एकाच साइटवर असली की शोधयंत्रापुढे प्रश्न पडतो, यातले कोणते दाखवायचे. चौघांचे बळ वाटले जाते. एसईओवाले याला ‘कॅनिबलायझेशन’ म्हणतात, आपलीच पाने आपल्याच पानांना खातात म्हणून. वाचकाचे नुकसान याहून मोठे असते. चार पानांत तीन ठिकाणी जुनी माहिती राहते, आणि नेमके तेच पान त्याच्या हाती लागते. दर वर्षी नवे पान काढण्यापेक्षा एकच पान जिवंत ठेवावे, नियम बदलला की ते दुरुस्त करावे, दुरुस्तीची तारीख वर द्यावी आणि जुने पत्ते त्या पानाकडे वळवावेत.

कोशकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. अशा कोणत्याही कोशाचा पाया म्हणजे लेखनाआधी केलेली नोंदींची यादी. कोणता विषय स्वतंत्र नोंदीला पात्र, कोणता दुसऱ्या नोंदीत सामावेल, आणि एकाच गोष्टीला दोन नावे असतील तर पूर्ण नोंद कोणत्या नावाखाली द्यायची, हे आधी ठरते. दुसऱ्या नावापुढे ‘पहा’ एवढेच लिहून वाचकाला योग्य जागी पाठवले जाते. वेबसाइटच्या पानांचे नियोजन ही याच शिस्तीची पुढची पायरी आहे. आपल्या भाषेत ही परंपरा इतकी भक्कम असताना, वेबसाइट काढताना आपण ती का विसरतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात आणि शब्दाचे रूपच बदलते : सातबारा, सातबाऱ्यावर, सातबाऱ्यावरील, सातबाऱ्यातून. शिवाय लोक तोच शब्द आकड्यांत लिहितात, तोही कधी देवनागरी आकड्यांत तर कधी इंग्रजी. कित्येक जण मराठीच शब्द रोमन लिपीत टाइप करतात. ‘माहिती’ आणि ‘माहीती’ दोन्ही शोधले जातात. त्यावर कडी म्हणजे ‘सातबाऱ्या’मधला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी अक्षरांची साखळी वेगळी असते, आणि साधे शोधसाधन वापरणाऱ्या साइटवर एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. त्यात प्रदेशाप्रमाणे शब्द बदलतो. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत ‘कपाशी’ असते, विदर्भातला शेतकरी ‘पऱ्हाटी’ म्हणतो.

या सगळ्या रूपांसाठी वेगवेगळी पाने काढायची का? मुळीच नाही. रूपे दहा असली तरी प्रश्न एकच आहे, म्हणून पानही एकच. ती सगळी रूपे शीटच्या तिसऱ्या रकान्यात जातात. मथळ्यात सगळ्यात रुळलेले रूप येते. पानाच्या पत्त्यात रोमन लिपीतले रूप घालता येते, आणि मजकुरात प्रादेशिक शब्द जिथे स्वाभाविक तिथे येतात. शुद्धलेखनाचे म्हणाल तर पानावर शुद्धच लिहावे. अशुद्ध रूप ओळखण्याचे काम शोधयंत्रावर सोपवावे.

आता आकड्यांविषयी, कारण खरा वाद तिथे आहे. कोणत्या शब्दाला महिन्याला किती शोध, हे सांगणारी साधने मुख्यतः जाहिरातदारांसाठी बनलेली आहेत. गूगलचे कीवर्ड प्लॅनर त्यातलेच. तिथे मिळणारे आकडे ढोबळ असतात, आणि कमी शोधले जाणारे शब्द जवळजवळ अदृश्यच होतात. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच न आलेले असतात, असे गूगलनेच वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे आकड्यांच्या यादीत लोकांचे सगळे प्रश्न कधीच मावत नाहीत. तरीही बैठकीत वाक्य ऐकू येते : ‘‘याला सर्च व्हॉल्यूम नाही, सोडून द्या.’’

‘एकुमॅ’ ही नोंद घ्या. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी वडील वारल्यावर पुष्कळदा थोरल्या मुलाचे नाव अशा शेऱ्यासह उताऱ्यावर लागे आणि बाकीच्या भावाबहिणींची नावे उताऱ्यावर येतच नसत. वर्षानुवर्षे तो शेरा तसाच राहतो. जमीन विकायची किंवा वाटायची वेळ आली की धाकट्या भावाला, सासरी गेलेल्या बहिणीला कळते की कागदावर आपण नाहीच. हा शेरा काढून सगळ्या वारसांची नावे लावण्यासाठी अर्जाची सोय आहे, शासनाच्या ई-हक्क प्रणालीतही ती दिलेली आहे. पण ‘एकुमॅ नोंद कमी करणे’ हे शब्द जाहिरातदाराच्या यादीत कुठून येणार? तिथे विकण्यासारखे काही नाही. जी थोडी माणसे हे शब्द टाकतील, त्यांच्यासाठी मात्र त्या उत्तराची किंमत त्यांच्या हिश्शाच्या जमिनीएवढी आहे. असेच ‘अपाक’ शेऱ्याचे. नोंदीच्या वेळी अज्ञान असलेला वारस सज्ञान होऊन वर्षे लोटतात, आणि त्याच्या नावापुढे पालनकर्त्याचा शेरा तसाच असतो. माझ्या मते अशा पानांना शीटमध्ये वरची जागा मिळाली पाहिजे. शोधांची संख्या आणि गरजेची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने दुसरीला मान द्यायला हवा.

मग असे शब्द मिळवायचे कुठून? साइट चालू असेल तर सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून आले ते बरेचसे दिसते. शोधपट्टीत दोन शब्द लिहिले की खाली येणाऱ्या सूचनाही वाटा दाखवतात. पण सगळ्यात चांगला झरा माणसांचा आहे. सेतू केंद्रातल्या खिडकीवर बसणारी मुलगी, वकिलाचा कारकून, संस्थेचा फोन उचलणारा कार्यकर्ता, यांच्या कानावर दिवसभर लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत पडत असतात. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे आणि प्रश्न जसाच्या तसा, सुधारणा न करता लिहावा. तो नंतर शीटमध्ये जातो तेव्हा त्याच्यासोबत विचारणाऱ्याची अडचणही येते, आणि ती कोणत्याही साधनाला दिसत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. गूगलने २०१९ मध्ये बर्ट ही भाषा समजण्याची प्रणाली शोधात आणली, त्यानंतर यंत्रे आणखी पुढे गेली, आता तर शोधयंत्र स्वतःच उत्तर रचून देते; मग शब्दांचा हिशेब कशाला, चांगले लिहा म्हणजे झाले. या आक्षेपात अर्धे सत्य आहे. यंत्राला समानार्थी शब्द कळू लागले, म्हणून पाच रूपांसाठी पाच पाने लिहिण्याची गरज संपली, आणि ते चांगलेच झाले. त्यामुळे ‘एक पान, एक प्रश्न’ हा नियम अधिकच पक्का होतो. पण पानाने कोणाला उत्तर द्यायचे हे यंत्र ठरवत नाही. ज्या पानाचा प्रश्न लेखकालाच माहीत नाही, त्याचा अर्थ यंत्राने तरी काय लावावा? आणि यंत्र उत्तर रचते तेही कोणीतरी आधी नीट लिहिलेल्या मजकुरातूनच. मराठीत तो मजकूर नसेल, तर ते इंग्रजीतले किंवा दुसऱ्या राज्याच्या नियमांचे उत्तर मराठीत वळवून पुढे ठेवण्याची भीती राहते.

दुसरा आक्षेप लेखकांचा : अशाने लेखन साच्यातले होते. ललित लेखाला, कवितेला, आठवणींना हा नियम लावू नये, हे मी आधीच मान्य करतो. पण माहिती देणाऱ्या पानावर लेखकाचे स्वातंत्र्य वाक्यात असते, विषयाच्या निवडीत वाचकाचा हक्क असतो. नेमका प्रश्न समोर असला की भाषा उलट मोकळी होते. प्रस्तावनेची गरज उरत नाही, पसारा आपोआप आवरतो.

खरी जबाबदारी संस्थांची आहे. शासन निर्णयांची शीर्षके ‘बाबत’ने संपतात आणि ती फाइलीसाठी लिहिलेली असतात. आत स्कॅन केलेली किंवा जुन्या फॉन्टमधली पीडीएफ असली तर शोधयंत्राच्या हाती नीट काही लागत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांकडे पिकांविषयीचे अस्सल ज्ञान आहे. ते शेतकऱ्याच्या एकेका प्रश्नाला एकेक पान देऊन मांडले, तर आज त्याच प्रश्नांवर ऐकीव माहिती विकणाऱ्यांचे काम अवघड होईल. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याचे पुस्तक, पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशातल्या ग्रंथपालांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. कीवर्डच्या शीटला याहून चांगला पाया मला तरी दिसत नाही.

हे तातडीने का करायचे, याचे कारण स्पष्ट आहे. मराठीत शोधून उत्तर मिळाले नाही, तर माणूस पुढच्या वेळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत शोधतो किंवा हिंदीत. मग मराठी शोधांचा आकडा घसरतो, आणि तोच आकडा दाखवून मराठी पाने लिहिणे थांबवले जाते. हे दुष्टचक्र शोधणारा तोडू शकत नाही. त्याच्याकडे फक्त प्रश्न आहे. ते लिहिणाऱ्यालाच तोडावे लागेल, आकडे यायची वाट न पाहता. म्हणून मराठी वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नवे पान लिहिण्याआधी आपल्या दाराशी येणारे वीस प्रश्न लोकांच्याच शब्दांत लिहून काढावेत, प्रत्येकापुढे एक पान नेमावे, आणि ज्या पानाला प्रश्न सापडत नाही ते काढून टाकायचे धैर्य दाखवावे. मराठीत विचारले की मराठीत उत्तर मिळते, हा विश्वास त्यातूनच बसेल.